नाशिकमध्ये एसी घेताना मे महिना डोक्यातून काढा

मामांना एसी घ्यायचाय. फ्लॅट पाथर्डी फाट्याला, सगळ्यात वरचा मजला, बेडरूम दहा बाय बारा, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारपासून ऊन. दुकानात गेलो तर तिथला पोरगा म्हणतो, "काका, सरळ दोन टन घ्या, पाच मिनिटांत रूम गार." मामा दीडवर आले होते, आणि मी म्हणत होतो की आधी एक टनाचा विचार करू. मामा म्हणाले, "अरे, मे महिन्यात पुरेल का तो?" सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि माझं म्हणणं असं की नाशिकमध्ये एसी निवडताना हा प्रश्नच चुकीच्या महिन्याचा आहे.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसला टेकतो हे खरं, पण ती हवा कोरडी असते. दुपारी ४० डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर चांगला कूलर, पॅड ओले आणि खिडकी थोडी उघडी असेल तर, २४-२५ डिग्रीची हवा सहज देतो आणि वीजही एसीच्या मानाने किरकोळ खातो. कॉलेज रोडच्या बंगल्यापासून सिडकोतल्या घरापर्यंत सगळीकडे कूलर चालतो तो याच कोरडेपणावर.

खरा त्रास होतो जूनच्या सुरुवातीला, पाऊस येतो येतो म्हणून हुलकावणी देत असतो तेव्हा, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. थर्मामीटर ३० दाखवतो, पण अंगाला चिकचिक, उशी ओलसर, पापड डब्यातसुद्धा सादळतात, कपाटात कुबट वास. तेव्हा कूलर लावला की आणखी वैताग, कारण हवेत आधीच पाणी भरलेलं असतं, त्यात हा अजून ओततो. हिशोबच बघा ना, ४० डिग्री आणि १५ टक्क्यांच्या एक किलो हवेत साधारण ७ ग्रॅम पाणी असतं, आणि ३० डिग्री आणि ८० टक्क्यांच्या हवेत २१-२२ ग्रॅम. म्हणजे तापमान दहा डिग्रीने कमी आणि पाणी तिप्पट! घाम वाळत नाही तो यामुळे.

म्हणून दमट दिवसांत एसीकडून मागायचं ते आधी कोरडेपण, मग गारवा. एसीचा जन्मच मुळी यासाठी झालाय. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगांची छपाई एकावर एक नीट बसायची नाही, तेव्हा विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतली ओल आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. नाशिक रोडला नोटांचा प्रेस बघत मोठं झालेल्या माणसाला कागदाचं हे दुखणं लगेच कळेल.

आता टनाचं. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. त्यातली काही ताकद हवा गार करण्यात जाते आणि काही हवेतलं पाणी काढण्यात. आतली कॉइल इतकी गार होते की हवेतली वाफ तिच्यावर थेंब होऊन बसते आणि ड्रेन पाइपने बाहेर जाते, पावसाळ्यात गॅलरीत बादली भरते ती त्याचीच. तासाला एक लिटर पाणी काढायला अंदाजे पाऊण किलोवॅटच्या थोडी खाली ताकद लागते, म्हणजे एक टनातला जवळपास पाचवा हिस्सा. आणि हे व्हायला कॉइल बराच वेळ सलग गार राहावी लागते.

दोन टनाचं मशीन दहा बाय बारात लावलं की नेमकं इथे बिघडतं. ते खोली पटकन २४ वर आणतं आणि कॉम्प्रेसर थांबतो, पाणी नीट निथळायच्या आतच. पंखा मात्र चालू राहतो, मग कॉइलवरचं ओलं पुन्हा खोलीतच उडतं. खोली गार पण चिकट. मग आपण रिमोटवर २० करतो, मग १८, पांघरूण घेतो, आणि तरी बरं वाटत नाही, वर महावितरणचं बिल. घाम वाळत नसेल तर आकडा कितीही खाली नेला तरी समाधान होत नाही हो.

इन्व्हर्टर एसी असेल तर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू चालतो, बंद-चालू कमी होतं, म्हणून दमट दिवसांसाठी इन्व्हर्टरच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पण त्यालाही किती हळू चालता येतं याची मर्यादा असते. माहितीपत्रकात कूलिंग कपॅसिटीच्या पुढे किमान-कमाल असे आकडे दिले असतील तर त्यातला किमान बघा, तो जितका कमी तितका सप्टेंबरच्या रात्री उपयोगाचा. वायफाय, आवाजी आज्ञा, रंगीत पॅनल यांच्याकडे बघूसुद्धा नका, त्याचे पैसे स्टारमध्ये घाला. आणि स्टारसुद्धा नुसते मोजू नका, लेबलवरचा आयएसईईआर आकडा (सीझनभरात विजेच्या मानाने किती गारवा मिळतो ते; जास्त तितका चांगला) वाचा आणि लेबल कोणत्या काळासाठी आहे ते बघा, कारण निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या निकषात पाच राहतीलच असं नाही. वर्षाची जी युनिटं छापलेली असतात ती १६०० तासांच्या हिशोबाने असतात, तुमचा वापर कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात धरा. हां, २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कोणी जुन्या कोटेशनवर किंमत सांगत असेल तर विचारा.

मामांच्या वरच्या मजल्याचा प्रश्न मात्र खरा आहे, स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो. पण त्यासाठी मशीन मोठं करण्याऐवजी स्लॅबवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग मारा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चिक किंवा शेड लावा, मग एक टन पुरायला हवा. हे दोन्ही करणं शक्यच नसेल तर दीड टन इन्व्हर्टर घ्या, पण दोन अजिबात नाही. मामी म्हणाल्या, "रंगाचं मी बघते, दिवाळीच्या आधी करायचाच होता." मग एक टनावर ठरलं.

वापराचं थोडं. दमट रात्री फॅन स्पीड लो ठेवा, हवा कॉइलवरून सावकाश गेली की पाणी जास्त निघतं. बाहेरच २५ असेल तर ओल काढण्यावर भर देणारा ड्राय मोड लावा, नाहीतर कूल मोडमध्ये मशीन 'झालं की गार' म्हणून थांबून जातं. तापमान २५-२६ आणि वर छताचा पंखा, एवढं पुरतं. आणि कृपा करून एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. पावसाळ्यात नाशिकच्या प्रत्येक घरात खुर्चीवर, दारावर कपडे असतात, मला मान्य आहे, पण त्यातलं सगळं पाणी शेवटी त्या एसीलाच उपसावं लागतं. त्यापेक्षा दुसऱ्या खोलीत पंख्याखाली घाला.

बसवताना दोन-तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. पाइपसाठी भिंतीला पाडलेलं भोक नीट बुजवलेलं पाहिजे, नाहीतर बाहेरची दमट हवा दिवसरात्र आत येत राहते. व्हॅक्यूम पंप लावूनच लाइन रिकामी करायला सांगा, थोडा गॅस सोडून हवा काढली की पाइपात ओल राहते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी होतं. आउटडोअरला सावली आणि मागे-पुढे मोकळी जागा द्या. ड्रेन पाइपला सलग उतार पाहिजे, मधे कुठे पोट आलं की तिथे पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि एक दिवस आतल्या युनिटमधून भिंतीवर ओघळ येतो. फिल्टर सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायचा आणि पूर्ण वाळवूनच बसवायचा, ओला लावला तर बुरशीचा वास थेट उशीपाशी येतो.