होर्यू-जी, निक्को, कोबे: खिळ्यांची दंतकथा आणि खरा धडा

भूकंपात टिकणारे लाकडी बांधकाम पाहण्यासाठी जपानला जाणाऱ्यांनी ‘एकही खिळा नसलेल्या पॅगोडाचे रहस्य’ दाखवणारी सहल मुळीच घेऊ नये. नारा येथे आम्ही अशा सहलीसाठी प्रवेशशुल्काच्या कितीतरी पट पैसे मोजले. पॅगोडाच्या मधोमध उभा असलेला मध्यस्तंभ जवळून दाखवू, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात होर्यू-जी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या पॅगोडात कोणालाच आत सोडत नाहीत, जाळीतून इ.स. 711 मधील मातीची शिल्पे तेवढी दिसतात. खिळ्यांचा दावाही खोटा आहे, कारण या मंदिराच्या इमारतींत घडीव लोखंडी खिळे आहेत. रेल्वे स्थानकापासून मंदिर वीस मिनिटांच्या चालीवर आहे, स्वतःच जावे.

पाहायचे ते बाहेरूनच दिसते. सुमारे 32 मीटर उंचीच्या या पॅगोडाचे खांब तळापासून शेंड्यापर्यंत सलग नाहीत. प्रत्येक मजला खालच्यावर ठेवलेला आहे, त्यामुळे हादऱ्यात छताखालचे लाकडी जोड किंचित सरकतात, एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते. मध्यस्तंभ मजल्यांना बांधलेला नसतो. त्याचा नेमका वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

टोकियोच्या उत्तरेकडील निक्कोच्या तोशो-गू देवस्थानातील, 1818 मध्ये पुन्हा बांधलेल्या पॅगोडात हा स्तंभ चौथ्या मजल्यापासून साखळ्यांनी टांगलेला आहे. त्याचा तळ पाहण्याची सोय सुरू असेल, तर वेगळे तिकीट जरूर काढावे. मात्र नाराहून एका दिवसात निक्को गाठण्याचा वेडेपणा करू नये. गाड्या बदलून शरीर इतके आंबते की तेथे पोहोचल्यावर मान वर करून पाहण्याचेही त्राण उरत नाही. मुक्काम टोकियोत ठेवावा.

केवळ पॅगोडे पाहून ‘जुने ते भक्कम’ असे ठरवणे घातक आहे. 17 जानेवारी 1995 रोजीच्या भूकंपात कोबे परिसरात असंख्य जुनी लाकडी घरे कोसळली: मातीत बसवलेल्या कौलांचे जड छप्पर, अपुऱ्या भिंती, कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले खांब. किल्लारीच्या माळवदांवरील मातीचा भार आठवणाऱ्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. त्यानंतर 2000 साली जपानने लाकडी घरांसाठी भिंतींची समतोल मांडणी आणि खांबांच्या सांध्यांना धातूचे जोड यांचे नियम काटेकोर केले. नव्या बांधकामाने परंपरेकडून लवचीक सांधे जरूर घ्यावेत, पण भार हलका ठेवावा आणि भिंतींत काटकसर करू नये.

म्हणून प्रवासाची सुरुवात कोबेच्या ताकेनाका सुतारकाम अवजार संग्रहालयापासून करावी. तेथे छताखालच्या जोडरचनेची पूर्णाकृती प्रतिकृती आहे आणि सांधे हाताळता येतात. संपूर्ण प्रवासात इतके स्पष्ट कुठेही समजले नाही. शिन-कोबे स्थानकापासून ते काही मिनिटांवर आहे आणि सोमवारी बंद असते.