दिराचे थकलेले येणे आणि माझे मूल्यांकन

मी स्थापत्य अभियंता आहे आणि कोल्हापुरात बऱ्याच वर्षांपासून इमारतींचे आराखडे, एस्टिमेट आणि बँकांसाठी घरे, प्लॉट व कारखाने यांचे व्हॅल्युएशन अशी कामे करते. कंपनी कायदा, 2013 चे कलम 247 आणि त्याखालचे 2017 चे नियम लागू झाल्यावर कंपनी कायद्याखालचे किंवा दिवाळखोरीच्या प्रकरणातले मूल्यांकन फक्त नोंदणीकृत व्हॅल्युअरनेच करायचे असे ठरले, आणि मी ‘जमीन व इमारत’ या वर्गात नोंदणी करायचे ठरवले. पदवीनंतर 5 वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संस्थेचे सदस्यत्व, त्या संस्थेचा 50 तासांचा अभ्यासक्रम, संगणकावरची परीक्षा आणि शेवटी नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे, अर्ज असा हा क्रम आहे. परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. नियमित अभ्यास करणाऱ्याला तिची भीती बाळगण्याचे कारण नाही. मला मात्र त्या अभ्यासक्रमातला व्यावसायिक नीतिमत्तेचा भाग खरा कठीण वाटला, कारण त्याचे उत्तर परीक्षेनंतरही द्यावे लागते.

कलम 247 सांगते की ज्या मालमत्तेत व्हॅल्युअरचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तिचे मूल्यांकन त्याने करू नये, आणि हा निर्बंध नेमणुकीच्या आधीच्या 3 वर्षांना तसाच मूल्यांकनानंतरच्या 3 वर्षांनाही लागू आहे. मागच्या 3 वर्षांचे कारण लगेच पटते. पुढच्या 3 वर्षांचा अर्थ लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. आज एखाद्या प्लॉटचा भाव कमी दाखवायचा आणि प्रकरण निवळल्यावर तोच प्लॉट स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या नावाने घ्यायचा, ही वाट कायद्याने त्या तरतुदीने बंद केली आहे. नियमांना जोडलेली आचारसंहिताही तितकीच थेट आहे. ग्राहकाच्या सोयीचा आकडा काढून देऊ नये, सौदा पूर्ण झाला तरच मिळेल अशी फी घेऊ नये, स्वातंत्र्याला बाधा येईल अशी भेटवस्तू किंवा पाहुणचार स्वतः घेऊ नये आणि नातेवाइकांनीही घेऊ नये.

‘नातेवाईक’ म्हणजे कोण, हे कंपनी कायद्यात ठरवून दिलेले आहे. पती किंवा पत्नी, आई-वडील, मुलगा आणि सून, मुलगी आणि जावई, भाऊ, बहीण, आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य, एवढीच ती यादी आहे. मी ती वाचली तेव्हा प्रथम माझ्या सासरची माणसे शोधली. सासऱ्यांच्या दृष्टीने सून म्हणून मी त्यांची नातेवाईक आहे, पण माझ्या बाजूने पाहिले तर सासरे यादीत नाहीत. दीर, जाऊ, मेहुणा, साडू, आतेभाऊ हे तर कोणाच्याच बाजूने नाहीत. आमचे एकत्र कुटुंब कायद्याच्या अर्थाने कधीच विभागले गेले आहे. तरीही आम्ही एकाच घरात राहतो आणि आमचा स्वयंपाक एकच आहे. त्यामुळे ही यादी पाळली म्हणजे आपण स्वतंत्र झालो असे मी मानू शकत नव्हते.

नोंदणी मिळाल्यानंतर काही काळाने एका रिझोल्यूशन प्रोफेशनलकडून, म्हणजे दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या नेमलेल्या व्यावसायिकाकडून, विचारणा आली. कोल्हापूर परिसरातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली होती आणि तिच्या जमिनीचे व शेडचे मूल्यांकन करायचे होते. गोपनीयतेमुळे याहून अधिक ओळख मी देणार नाही. अशा प्रकरणात रिझोल्यूशन प्रोफेशनलने नेमणुकीपासून 7 दिवसांत, आणि काही झाले तरी प्रक्रिया सुरू झाल्यापासूनच्या 47 व्या दिवसापर्यंत, दोन नोंदणीकृत व्हॅल्युअर नेमायचे असतात, त्यामुळे उत्तर लगेच हवे होते. रिझोल्यूशन प्रोफेशनलचा नातेवाईक, कंपनीशी संबंधित व्यक्ती किंवा गेल्या 5 वर्षांतला कंपनीचा लेखापरीक्षक यांना ही नेमणूक देता येत नाही. यांपैकी मी कोणीच नव्हते, त्यामुळे होकार कळवायला कागदोपत्री काहीच अडचण नव्हती.

अडचण घरात होती. माझ्या दिरांची छोटी फाउंड्री आहे. त्यांनी त्या कंपनीला कास्टिंग पुरवले होते, त्याचे बिल थकले होते, आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचून त्यांनी रीतसर दावा दाखल केल्याचे मला आधीपासून माहीत होते. पुरवठादार हा कायद्याच्या भाषेत ऑपरेशनल क्रेडिटर असतो. कंपनी चालू ठेवण्याची योजना मंजूर झाली तरी त्याला, कंपनी मोडीत काढली असती तर जेवढे मिळाले असते त्याहून कमी देता येत नाही. मोडीत काढताना जमीन आणि शेडचे किती येतील, हे व्हॅल्युअरच्याच अहवालातून ठरते.

अभ्यासक्रमात ओळख झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना मी कंपनीचे नाव न सांगता विचारले. ते म्हणाले, “मॅडम, दिवाळखोरी संहितेतल्या कलम 53 चा, पैसे वाटण्याचा क्रम बघा. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग बाकीचे. पुरवठादारापर्यंत बहुतेक वेळा पैसे पोचतच नाहीत. तुमच्या दिरांना तसेही काही मिळणार नाही, मग हितसंबंध राहिला कुठे?” त्यांचा मुद्दा अनुभवाचा होता आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. परंतु पुरवठादारापर्यंत पैसे पोचतील की नाही, हे जमिनीच्या आणि शेडच्या किमतीवर ठरणार होते आणि ती किंमत मीच काढणार होते. जो निष्कर्ष माझ्या मोजणीतून निघायचा, त्याच्याच आधारे मी स्वतःला मोजणीसाठी पात्र ठरवणे योग्य नव्हते. शिवाय दोन व्हॅल्युअरांच्या आकड्यांत मोडीतील मूल्याबाबत 25 टक्क्यांचा फरक असेल तर तिसरा नेमता येतो, आणि फरक त्याहून कमी राहिला की सामान्यतः दोघांची सरासरी धरली जाते. म्हणजे माझा कल 10 टक्क्यांचा असता तरी तो कोणाच्या नजरेत आला नसता, आणि त्याचा निम्मा भाग अंतिम आकड्यात शिरला असता. जुन्या शेडचा घसारा ठरवताना किंवा आजूबाजूच्या व्यवहारांतला कोणता निवडायचा हे पाहताना 10 टक्के इकडेतिकडे होणे अगदी सहज शक्य असते, आणि त्यासाठी वाईट हेतू लागत नाही. आपला हात आपल्याही नकळत झुकू शकतो, हे मी मान्य करते.

मी नकार लिहून कळवला. माझ्या घरातील एका व्यक्तीचा या प्रकरणात दावा दाखल आहे, ती व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत माझी नातेवाईक नसली तरी मी हा अप्रत्यक्ष हितसंबंध समजते, एवढेच त्यात होते. दुसऱ्या कोणाचे नाव सुचवा असे उत्तर आले, तेव्हा तेही मी नाकारले, कारण मी सुचवलेली व्यक्ती माझ्या ओळखीचीच असणार होती. दिरांना मी यातले काहीही सांगितले नाही. मला विचारणा झाली होती हीदेखील त्या प्रकरणातली माहितीच होती.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. साइटवर जाण्याआधी कर्जदार, जामीनदार, आधीचे मालक आणि ज्यांच्याकडून भावाची माहिती घेणार त्या इस्टेट एजंटांची नावे लिहून काढते आणि त्यांच्याशी माझे, घरच्यांचे आणि माझ्या जुन्या कामांचे काही नाते आहे का ते तपासते. एजंटांची नावे मी मुद्दाम घालते, कारण ‘या गल्लीत सध्या काय भाव चाललाय’ असे ज्याला विचारायचे तोच अनेकदा त्या सौद्यात दलाली घेणार असतो. म्हणून तोंडी सांगितलेला भाव मी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या दस्तसूचीतल्या, नोंदवलेल्या व्यवहारांशी ताडून पाहते आणि सरकारी रेडीरेकनरचा दर शेजारी मांडते. फी मी काम पाहून आधीच ठरवते. आलेल्या किमतीच्या टक्केवारीवर फी घेण्याची रीत संपत्ती कराच्या जुन्या नियमांतही होती, पण आकडा वाढला की फी वाढते अशा व्यवस्थेत काम करणे मला पटत नाही.

बँकेच्या साध्या तारण कर्जाला कलम 247 लागू होत नाही. रिझर्व्ह बँकेची अपेक्षा मात्र तीच आहे की व्हॅल्युअर बँकेबाहेरचा आणि स्वतंत्र असावा, आणि 50 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालमत्तेसाठी किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत. म्हणून हितसंबंधांच्या घोषणेचे पान मी बँकांच्या अहवालांनाही जोडते. एका शाखेतून फोन आला की त्यांच्या नमुन्यात असे पान नाही, तेव्हा ते काढून अहवाल पुन्हा पाठवावा. मी तो अहवाल त्या पानासकट पुन्हा पाठवला, आणि तो तसाच स्वीकारला गेला.