नोंगखाय: लाओसच्या अलीकडे थांबा

थायलंडच्या ईशान्येला, मेकाँगच्या काठावर नोंगखाय हे छोटं शहर आहे. पलीकडच्या काठावर लाओस. इथे उतरणारे बहुतेक प्रवासी स्टेशनातूनच सीमेकडे वळतात आणि लाओसची राजधानी व्हिएन्तिआन गाठतात. नोंगखायला फक्त पूल ओलांडण्यापुरतं येऊ नका, निदान दोन रात्री राहा. लाओस कुठे पळून जात नाही.

बँकॉकहून यायला रात्रीची गाडी उत्तम. जुन्या प्रवासवर्णनांत हुआ लाम्फोंग स्टेशन वाचून तिकडे जाल तर फसाल. २०२३ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बांग स्यूच्या क्रुंग थेप अफिवात या नव्या टर्मिनसवरून सुटतात. आठनंतर गाडीत बसलं की सकाळी साडेसहाच्या सुमारास नोंगखाय. खालचा बर्थ थोडा महाग पडतो, पण वरच्यापेक्षा चांगलाच रुंद असतो आणि खिडकीही मिळते. अंथरूण कर्मचारी स्वतः घालून देतात. एसी मात्र असा सोडतात की मे महिन्यातही शाल लागावी. सुट्ट्यांच्या दिवसांत बर्थ लवकर संपतात, तेव्हा थाई रेल्वेच्या संकेतस्थळावर आधीच आरक्षण करा. विमानाने येणाऱ्यांनी उदोन थानीला उतरायचं, तिथून साधारण ५५ किलोमीटर.

गावात मुक्काम नदीकाठच्या रस्त्यालगतच करा. स्टेशनजवळ राहिलात तर रोज टुकटुकशी घासाघीस आली. काठावर लांबलचक फरसबंद वाट आहे, सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव तिथे चालायला येतं. ता सादेत बाजार दिवसभर चालू असतो. त्यातला बराचसा माल प्लॅस्टिक आणि चिनी वस्तूंचा, त्यामुळे खरेदीची फार आशा ठेवू नका. शनिवारी संध्याकाळी काठावर जो खाऊबाजार भरतो, तो जास्त मजेचा.

शाकाहारी मंडळींना इथे जरा जपून राहावं लागतं. इसान, म्हणजे ईशान्य थायलंडच्या जेवणात मासा सगळीकडे असतो. कच्च्या पपईच्या सोमतममध्येसुद्धा नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, सुकी कोळंबी आणि बऱ्याचदा आंबवलेला मासा असतो. ‘माई साई नाम प्ला’ (नाम प्ला घालू नका) हे वाक्य पाठ करा किंवा थाई लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरांत ‘जे’ (เจ), म्हणजे शुद्ध शाकाहारी, लिहिलेलं दुकान दिसलं तर निर्धास्त आत शिरा. तिथे अंडंच काय, कांदा-लसूणही नसतो. बांबूच्या टोपलीतला चिकट भात, भाजलेली केळी आणि फळं यांवर पोट भरतं. मांसाहारींना व्हिएतनामी पद्धतीचं नॅम नुआंग चुकवून चालणार नाही. भाजलेलं डुकराचं मांस, हिरवा पाला, कच्चं केळं आणि लसूण तांदळाच्या पापुद्र्यात गुंडाळून खायचं.

गावातलं वात पो चाय हे मंदिर अर्ध्या तासात होतं. तिथल्या भिंतींवरची चित्रं मात्र सावकाश पाहा. लाओसहून तीन बुद्धमूर्ती तराफ्यांवरून आणताना एक नदीत बुडाली, ती गोष्ट त्यात आहे. वाचलेल्या दोनांपैकी एक बँकॉकला गेली, दुसरी इथे.

नोंगखायचं खरं नवल म्हणजे साला केओकू. गावापासून पूर्वेला पाचेक किलोमीटर, सायकलनेही जाता येतं. बुन्लुआ सुलिलत हा साधू १९७५ च्या कम्युनिस्ट सत्तांतरानंतर लाओसमधून इकडे आला आणि १९७८ पासून त्याने शिष्यांच्या मदतीने सिमेंट-काँक्रीटच्या अजस्र मूर्ती उभारायला सुरुवात केली. बुद्धावर फणा धरलेला सात तोंडांचा नाग तर २५ मीटर उंच आहे. आसपास शिव, विष्णू, गणपतीही आहेत, पण आपल्या ओळखीच्या चेहऱ्यांनी नव्हेत. एक हत्ती भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यातून शांतपणे चाललाय. त्या हत्तीतून शिल्पकार स्वतःबद्दलच बोलतोय, हे सांगावं लागत नाही. शेवटी जीवनचक्र आहे. एका बोगद्यातून वाकून गोल कुंपणात शिरायचं, की जन्मापासून शवपेटीपर्यंतची माणसं ओळीने उभी. आणि कडेला एक बुद्ध भिंतीवरून पाय टाकून सरळ बाहेर पडतोय. सकाळी लवकर जा. सिमेंट तापलं की थांबवत नाही.

एक दिवस गाडी ठरवून फू फ्राबातला द्या. हे उद्यान उदोन थानी प्रांतात, रस्ता साधारण दीड तासाचा. २०२४ साली दिल्लीत झालेल्या बैठकीत त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला. जंगलात कुत्र्याच्या छत्रीसारखे दिसणारे प्रचंड खडक, काहींभोवती पवित्र जागेची हद्द दाखवणाऱ्या सीमाशिळा रोवलेल्या, काहींखाली प्रागैतिहासिक बैल आणि माणसं रंगवलेली. सगळ्यांत उंच खडकाला म्हणतात नांग उसाचा मनोरा. ही उसा म्हणजे बाणासुराची उषा, आणि तिचा बारोत म्हणजे अनिरुद्ध! पण इथे चित्रलेखा नाही, हरिहरांचं युद्धही नाही. उषा फुलांचा हार नदीत सोडते, तो बारोतला सापडतो. मग सासरा-जावयाची पैज लागते: पहाटेचा तारा उगवायच्या आत मंदिर बांधायचं. जावयाची माणसं झाडावर कंदील टांगतात, सासऱ्याकडचे लोक तारा समजून काम थांबवतात आणि हरतात. सासऱ्याचं डोकंच जातं. पुढे उषेचंही भलं होत नाही. खडकांना ‘सासऱ्याचं मंदिर’, ‘जावयाचं मंदिर’ अशी नावं आहेत, त्यामुळे गोष्ट माहीत असेल तरच फिरण्यात रस. पायवाट सोपी आहे, पण चपलांऐवजी बूट घाला आणि पाणी सोबत ठेवा.

नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. मार्चमध्ये शेतं जाळल्याचा धूर असतो, एप्रिलचं ऊन असह्य. उन्हाळ्यात नदी उतरते, तेव्हा १८४७ मध्ये पाण्यात कोसळलेल्या स्तूपाचा माथा दिसतो, एवढीच जमेची बाजू. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास संपण्याच्या पौर्णिमेला, बहुधा आपल्या कोजागिरीच्या आगेमागे, फोन फिसाई भागात नदीतून लाल गोळे वर जाताना पाहायला तुफान गर्दी लोटते. नागाचे अग्निगोळे म्हणतात त्यांना. खरे-खोटेपणाचा वाद जुनाच आहे. तेव्हा यायचं तर खोली फार आधी बघा.

कागदपत्रं: व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती पाहा. मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. लाओसहून परत येतानाही ते नव्याने भरायचं.

व्हिएन्तिआनला जायचंच असेल तर मैत्रीपुलावरून बस मिळते, पूल चालत ओलांडता येत नाही. १९९४ च्या या पुलाच्या मधोमध रेल्वेरूळ आहेत. गाडी आली की बाकीची वाहनं थांबवतात. पलीकडे बुन्लुआने १९५८ मध्ये सुरू केलेलं बुद्ध उद्यानही आहे, पर्यटकांच्या यादीत तेच जास्त वर असतं. पण दोनांपैकी एकच पाहायला वेळ असेल तर मी साला केओकूच निवडेन. तिथे मूर्ती मोठ्या आहेत आणि गर्दी कमी.