दुखणे थांबेपर्यंत झोपेची वाट का पाहावी?

दुखणं थांबेपर्यंत झोपेची वाट पाहावी का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. सांगलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना जुनाट दुखण्याचे रुग्ण मला हमखास विचारतात, "मॅडम, आधी दुखणं घालवा, झोप मग आपोआप लागेल ना?" महिनोन्‌महिने मुरलेल्या दुखण्यात असे होईलच याची खात्री मी देत नाही, म्हणून झोपेकडे पहिल्या भेटीपासूनच लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुखण्याने झोप मोडते, हे सर्वांना ठाऊक असते. मोडलेली झोप दुखणे वाढवते, हे मात्र समजावून सांगावे लागते. १९७५ मध्ये कॅनडातील हार्वे मोल्डोफस्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची केवळ गाढ झोप आवाज करून मोडली, तेव्हा त्यांचे अंग दुखू लागले. २००७ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, निरोगी स्त्रियांना रात्रभर पुन्हा पुन्हा उठवले असता वेदना दाबण्याची शरीराची स्वतःची शक्ती घटते. तेवढीच कमी पण सलग झोप मिळालेल्या स्त्रियांमध्ये ती तशी घटली नव्हती. तासांइतकेच सलगपणालाही महत्त्व आहे, आणि दुखणाईताचा नेमका तोच हरवलेला असतो.

तासगावकडच्या एक मावशी द्राक्षाच्या मंडपाखाली तासन्‌तास हात वर करून विरळणी करत. रात्री कुशीवर वळले की खांद्यात कळ येई, जाग येई, मग त्या उठून चहा करून घेत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोप भरून काढत. खांद्याच्या व्यायामाबरोबर आम्ही एवढेच ठरवले की, चांगल्या कुशीवर झोपून दुखरा हात छातीशी घेतलेल्या उशीवर टेकवायचा, संध्याकाळनंतर चहा घ्यायचा नाही, दुपारी आडवे व्हायचे नाही, सकाळी ठरल्या वेळीच उठायचे, आणि झोप येईना तर तळमळत न पडता सोप्यात जाऊन बसायचे व डोळे जड झाल्यावरच अंथरुणाकडे वळायचे. सुरुवातीचे दिवस जड गेले. पुढे त्या म्हणाल्या, "दुखतंय अजून, पण सोसवतंय." खांदा तेव्हाही पुरता वर जात नव्हता.

मात्र घोरताना श्वास अडतो असे घरचे सांगत असतील, तर झोपेची किंवा कडक वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी श्वास आणखी मंदावतो, त्यामुळे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.