मृणालिनी मुखर्जी आणि नवे कलाकार: पोस्टरवर जाऊ नका, तिसऱ्या दालनापासून सुरू करा

पोस्टरवर छताला भिडलेलं जांभळं दोरशिल्प आहे. ते प्रदर्शनात नाही. दोराला गाठी मारून शिल्पं घडवणाऱ्या मुखर्जींची (१९४९–२०१५) दोन मध्यम दोरशिल्पं आणि गुडघ्याएवढी थोडी ब्राँझशिल्पं, एवढंच. बाकी सगळं नव्या कलाकारांचं. नुसत्या मुखर्जींसाठी लांबून येणार असाल तर येऊ नका.

खरा वैताग दुसऱ्या आणि तिसऱ्या दालनाच्या मध्ये आहे. दुसऱ्यात तीन मोठ्या पडद्यांवर व्हिडिओ, पांढराफटक उजेड. तिथून थेट दोरशिल्पांसमोर. उजेडाने धागा कमकुवत होतो, रंग उडतो, म्हणून अशा कामांवर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच प्रकाश ठेवतात. ते योग्यच. पण दिपलेल्या डोळ्यांना तिथे फक्त काळा ढीग दिसतो आणि लोक अर्ध्या मिनिटात पुढे सरकतात. हा क्रम लावणाऱ्याने तो एकदा तरी चालून बघायला हवा होता! रक्षकाला विचारून मागच्या दाराने आधी तिसऱ्यात शिरा. नाही सोडलं तर पडद्यांकडे न बघता दुसरं दालन ओलांडा आणि आत आठ-दहा मिनिटं थांबा. मग गाठी सुट्या दिसू लागतात.

मुखर्जी माग वापरत नसत, आधी रेखाटनही करत नसत. गाठीवर गाठ मारत आकार वाढत जाई. समोरून बघून भागत नाही. कडेला, भिंतीलगत उभे राहा: दोर दुमडून केलेली ओठासारखी जाड किनार आणि तिच्या आत गडद होत गेलेला रंग तिथूनच कळतो.

शेजारी टांगलेलं तरुण कलाकाराचं दोरकाम फसलंय. आत सांगाडा नाही, सगळा भार वरच्या एका कडीवर. दोर वजनाने ताणला जातो. त्यामुळे वरच्या गाठी करकचून आवळल्यात, खालच्या लोंबतायत. मुखर्जींकडे भार धातूचा सांगाडा पेलतो, म्हणून गाठीला आकार घडवायची मोकळीक मिळते. दोन्ही शेजारी ठेवल्यामुळे हे स्पष्ट दिसतं, आणि माझ्या मते अख्ख्या प्रदर्शनात हीच जागा सर्वांत शिकवणारी आहे.

नव्यांमध्ये पहिल्या दालनातली कागदाच्या लगद्याची कामं उत्तम. मुखर्जींचं रूप उचललेलं नाही, आकार हातात वाढू देण्याची पद्धत तेवढी घेतली आहे. मुखर्जींची ब्राँझशिल्पं आधी मेणात घडवून मग धातूत ओतलेली, त्यांच्या शेवटच्या काळातली. तिथे उजेड चांगला आहे, अडचण काही नाही.

ऑडिओ गाइडचे वेगळे पैसे मागतात आणि तो भिंतीवरचाच मजकूर वाचून दाखवतो. घेऊ नका. कॅटलॉग तर लूटच: मुखर्जींना मोजून दोन पानं, आणि फोटो इतके उजळलेत की जांभळा दोर निळा दिसतो.

वाचायचा चष्मा बॅगेत ठेवून बॅग जमा करू नका, गाठी बघायला तो लागतोच. मार्गदर्शकासोबतची फेरी सुरू असेल तेव्हा तिसरं दालन टाळा. वीस माणसं उभी राहिली की कडेची जागा मिळत नाही.