मधलं जाळीचं दार

२४ मे, रात्री

उद्यापासून नवतपा, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. आमची मांजर चिंगी दुपारपासून दिवाणाखाली आहे. पाणीसुद्धा प्यायली नाही. चूक माझी आहे, आणि ती लिहून काढल्याशिवाय मला झोप यायची नाही.

बोक्याला आणून आज चौथा दिवस. चिंगी सहा वर्षांची, मावशी मुंबईला गेली तेव्हा आमच्याकडे आली. बोका चारेक वर्षांचा. त्याच्या माणसांची बदली झाली. दोघांची नसबंदी झालेली, लसीही झालेल्या. त्याला मागच्या खोलीत वेगळं ठेवलं होतं, पण कूलर आहे हॉलमध्ये. मागच्या खोलीत नुसता पंखा, तोही गरम हवा फेकणारा. दुपारभर तो दाराशी रडायचा. आई म्हणाली, "काऊन कोंडून ठेवलं वो त्या बिचाऱ्याले? भट्टी झाली ते खोली." मलाही ऐकवत नव्हतं. तीनच्या सुमारास दार उघडलं.

तो सरळ कूलरसमोर गेला. ती चिंगीची जागा. दोघं एकमेकांकडे एकटक बघत उभे राहिले आणि मला वाटलं, ओळख करून घेताहेत. मांजरांमध्ये रोखून बघणं ही धमकी असते, हे तेव्हा कळलं असतं तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा तरी सरकवला असता. भांडण सोडवायला मी हात घातला. ओरखडे खोल आहेत. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं साबणानं धुतले, संध्याकाळी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घेतलं. पण हातापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. भीतीनं चिंगीची जागेवरच शू झाली होती.

२५ मे

पशुवैद्य मॅडमना फोन केला. म्हणाल्या, तो घरात अजून आलाच नाही असं समजा आणि पहिल्यापासून सुरू करा.

मांजराचं घर वासाचं असतं. चिंगी दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला गाल घासते ते लाड नव्हेत. गालातल्या ग्रंथींचा वास ती तिथे ठेवते, आणि त्या वासामुळे तिला ही जागा आपली वाटते. त्यात मी एक परका बोका आणून सोडला. मांजराचे रानटी पूर्वज एकेकटे शिकार करणारे. कुत्र्यांसारखं भांडून पुन्हा जुळवून घेणं त्यांच्या स्वभावात फारसं नाही, म्हणून पहिलं भांडण होऊच न देणं महत्त्वाचं. आमचं तर होऊन गेलं.

बोक्याच्या गालावर जुना पायमोजा फिरवला आणि चिंगीच्या ताटलीपासून बराच लांब ठेवला. तिनं हुंगला, फिसकारली, निघून गेली. राहू दे. फिसकारणं म्हणजे 'लांब राहा' एवढंच. त्यासाठी तिला रागवायचं नाही, हे आईलाही सांगितलं.

२९ मे

पारा पंचेचाळीसच्या घरात. कूलरचा प्रश्न आईनंच सोडवला. तिची उत्तरेकडची खोली त्यातल्या त्यात थंड, खिडकीला ओली चादर लावली की दुपार निघते. आता एक दिवस चिंगी हॉलमध्ये आणि बोका आईच्या खोलीत, दुसऱ्या दिवशी उलट. उन्हामुळे केलेली ही अदलाबदल नेमकी हवी होती तीच निघाली. एकमेकांच्या अंथरुणावर, एकमेकांच्या वासात दोघं झोपू लागले.

शी-शूसाठीचे मातीचे ट्रे आता तीन. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी, म्हणजे एकानं दुसऱ्याची वाट अडवायला नको.

३ जून

आईच्या खोलीला डासांसाठी बसवलेलं जाळीचं दार आहे. आधी लाकडी दार लावून दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवत होतो, रोज वीतभर जवळ. आज पहिल्यांदा फक्त जाळी. उकडलेलं चिकन, कांदा-लसूण अजिबात नाही, कारण मांजरांना ते विषारी. चिंगीनं दोन घास खाल्ले, मान वर केली, त्याला पाहिलं. मी श्वास रोखून बसले होते. बोक्यानं डोळे अर्धवट मिटले आणि तोंड वळवलं. मग तिनं उरलेलं संपवलं.

आई हळूच म्हणाली, "पाह्य, त्यानं तिले मान देल्ला."

९ जून

मला दोघं एकमेकांना चाटत, एका टोपलीत झोपलेली हवी होती. ती माझी हौस. चिंगीला हवं होतं ते साधं होतं: उंचावरची एक जागा आणि निघून जायला मोकळी वाट. म्हणून कपाटावर गोधडी घातली, चढायला शेजारी स्टूल ठेवलं.

आज दुपारी जाळी उघडीच होती. बोका कूलरसमोर फरशीवर पसरला होता, चिंगी कपाटावर. तासाभरानं ती खाली उतरली, त्याच्यापासून चार फुटांवर बसली. तो उठू लागला तशी फिसकारली. तो पुन्हा आडवा झाला. मी जागची हलले नाही.

आई कूलरमध्ये पाणी टाकायला बादली घेऊन आली आणि दोघांच्या मधून, पाय जपून टाकत गेली. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.