परक्या शेळ्या, पडीक रान

रविवार, रात्री

जॉर्जो दिरित्ती या इटालियन दिग्दर्शकाचा ‘इल वेंतो फा इल सुओ जिरो’ हा २००५ सालचा पहिला कथापट आज पुन्हा पाहिला. या खेपेस माझे लक्ष माणसांपेक्षा जमिनीवर अधिक राहिले. इटलीबाहेर या चित्रपटाचे नाव फारसे कुणी घेत नाही, आणि इटलीतही तो लोकांपर्यंत पोचला तो जवळजवळ मागच्या दारानेच.

फिलिप हा पूर्वी शिक्षक असलेला फ्रेंच माणूस आता शेळ्या पाळून चीज करतो. पिरेनीज पर्वतातल्या त्याच्या जागेजवळ अणुवीज प्रकल्प येऊ घातल्यामुळे तो बायको आणि मुलांसाठी नवे गाव शोधत निघतो आणि इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या आल्प्समध्ये, ऑक्सितान ही दक्षिण फ्रान्सकडची जुनी भाषा बोलणाऱ्या केर्सोन्यो नावाच्या गावी येऊन ठेपतो. गाव काल्पनिक असले तरी चित्रण कुनेओ जिल्ह्यातल्या माइरा खोऱ्यात झाले आहे, आणि फिलिप झालेला थिएरी तोस्कान व त्याच्या बायकोच्या भूमिकेतली अलेस्सांद्रा अगोस्ती यांच्या भोवती दिसणारी बहुतेक माणसे त्याच खोऱ्यातली, अभिनयाशी एरवी काही संबंध नसलेली आहेत. तरुण मंडळी केव्हाच सपाटीवर उतरून गेल्यामुळे गावात उरली आहेत ती मुख्यतः म्हातारी माणसे. अशा गावात मुलांचा आवाज पुन्हा ऐकू येणार म्हटल्यावर आधीची कुरकुर बाजूला ठेवून लोक श्रमदानाने घर दुरुस्त करून देतात आणि नव्या कुटुंबाचे वाजतगाजत स्वागत करतात.

एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असे आपल्याकडे म्हणतात. पण फिलिप पाहुणा म्हणून आलेलाच नाही. तो राहायला आला आहे, आणि गावाला नेमके हेच हळूहळू जड जाऊ लागते. बिघाडाची सुरुवात शेळ्यांपासून होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे डोंगरउतारावरच्या जमिनीचे बारीक बारीक तुकडे झालेले आहेत. त्यातले कित्येक तुकडे कुणी कसत नाही, त्यांवरचे गवत कुणी कापत नाही, आणि मालकांपैकी काही जण तर उन्हाळ्यापुरतेच गावात दिसतात. शेळी काही सातबारा पाहून चरत नाही. तिने त्या रानात तोंड घातले की ज्या जमिनीची इतकी वर्षे कुणाला आठवणही झाली नव्हती, तिचा मालक तावातावाने पुढे येतो. नुकसान असे काहीच झालेले नसते. आपल्याला ज्याचा उपयोग करता आला नाही त्याचा दुसरा कुणी उपयोग करतो आहे, एवढेच त्याला सहन होत नाही. दिरित्तीने हे कुणालाही खलनायक न ठरवता दाखवले आहे, आणि या चित्रपटाचे मोठेपण मला तिथेच दिसते. तक्रार करणारी म्हातारी दुष्ट नाही. तिने त्या उतारावर आयुष्य घालवले आहे आणि आता तिच्या हाती फक्त बांध उरला आहे.

फिलिपही काही संत नव्हे. तो ताठ आहे. नमते घेतले असते तर निभावले असते अशा जागी तो हटकून वाद घालतो. कष्ट करणाऱ्याला जमीन वापरण्याचा अधिकार असावा हे त्याचे म्हणणे मला पटते, पण चार घरांच्या वस्तीत म्हणणे बरोबर असून भागत नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. गावात ऑक्सितान, इटालियन आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषा चालतात आणि कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो यावरून जवळीक व दुरावा कळत जातो. हे उपशीर्षकांत उमटत नाही, म्हणून कान उघडे ठेवूनच चित्रपट पाहावा लागतो.

दिरित्तीचा जन्म १९५९ चा, म्हणजे पहिल्या कथापटाच्या वेळी त्याने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. त्याआधी त्याने पुपी अवाती या दिग्दर्शकाच्या हाताखाली काम केले होते, एर्मान्नो ओल्मी या ज्येष्ठ दिग्दर्शकाच्या ‘इपोतेसी चिनेमा’ या कार्यशाळेत उमेदवारी केली होती आणि माहितीपट काढले होते. पटकथा त्याने याच खोऱ्यांशी जवळचे नाते असलेल्या फ्रेदो वाल्लाबरोबर लिहिली. पैसे लावायला कुणी पुढे येईना, तेव्हा काम करणाऱ्या मंडळींनीच आपापल्या मेहनतान्याचा वाटा घालून निर्मितीत भागी घेतली. एकत्र राबणे न टिकलेल्या गावाची ही कथा अशी एकत्र राबूनच पडद्यावर आली, याची मला मोठी गंमत वाटते.

तयार झाल्यावर वितरक मिळेनात. शेवटी मिलानच्या ‘मेक्सिको’ या एकपडदा चित्रपटगृहाच्या अंतोनियो सांकास्सानी या चालकाने तो लावला आणि लोक येत आहेत असे पाहून दीड वर्षाहून अधिक काळ उतरवला नाही. जाहिरातीला पैसे नसलेला चित्रपट केवळ एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे एका पडद्यावर इतका टिकला. २००८ मध्ये दाविद दी दोनातेल्लो या इटलीतल्या प्रमुख चित्रपट पुरस्कारांसाठी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या विभागातही त्याचे नामांकन झाले. तो पुरस्कार मात्र आंद्रेआ मोलाइओली या दुसऱ्या नवख्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला मिळाला. दिरित्तीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान २०१० मध्ये, दुसऱ्या महायुद्धात नाझींनी केलेल्या मार्झाबोत्तोच्या हत्याकांडावरील त्याच्या दुसऱ्या कथापटासाठी मिळाला.

माझी तक्रार एकच आहे. फिलिपच्या बायकोला दिग्दर्शकाने पुरेशी जागा दिलेली नाही. परक्या गावात मुले सांभाळणे, नवऱ्याच्या ताठपणाची किंमत चुकवणे आणि शेजारणींच्या नजरा झेलणे हे सारे तिच्याच वाट्याला येते. तरीही शेवटच्या भागात निर्णय फिलिपच्या चेहऱ्यावरच वाचावे लागतात, आणि ती काय ठरवून निघते हे आपल्याला कळत नाही.